टाकीसाठी भरतीचं पाणी

आगरदांड्याच्या जेट्टीवर मी टाकीच्या तयारीच्या यादीप्रमाणे समुद्राच्या पाण्याचे कॅन भरत होते. घरी काचेची नवी टाकी तयार होती आणि आठवड्याने पहिलं प्रवाळ येणार होतं. शेजारी टोपलीवरच्या माश्या हाकत बसलेल्या मासळीवाल्या आजींनी न विचारता कॅनमध्ये बोट बुडवलं, चाटलं आणि तोंड वाकडं केलं.

"ओतून टाक, बाय. ओहोटीचं हाय, खाडीचं गोडं पाणी मिसळलंय. भरतीला ये."

मी मीटर बुडवून पाहिला. खारटपणा खरंच कमी होता. प्रवाळ मेलंच असतं.

भरतीला आजींनी पुन्हा बोट चाटलं. "आता ने. मासं पन सोडनार ना?"

"हो, दोन. शोभेचे."

"वाढले की सांग. कोयता घेऊन येतंय."

घरी येऊन यादीत एक ओळ वाढवली : टाकीला झाकण, कुलपासकट.