पंच क्रमांक दोन

आमचा जिल्हा दारूबंदीचा. बदली होऊन आलेल्या माणसाला हे सांगितलं की तो पहिल्या आठवड्यात कौतुकाने मान डोलावतो आणि दुसऱ्या आठवड्यात हसायला लागतो. दुकान नाही, पाटी नाही, बार नाही. तरी ज्याला हवी त्याला पत्ता विचारावा लागत नाही. पुलगावकडचे शौकीन निदान नदी ओलांडून शेजारच्या जिल्ह्यात जाऊन येण्याचे कष्ट घेतात. वर्ध्यातल्या आमच्या वस्तीत तेवढीही तसदी नव्हती. बसथांब्यावरून घराकडे येणाऱ्या गल्लीच्या तोंडाशीच एक टिनाचं शेड होतं.

मी तेव्हा सेलूकडच्या एका छोट्या सरकारी ऑफिसात आवक-जावक कारकून होते. संध्याकाळची बस पवनारवरून यायची आणि सातला पाच-दहा मिनिटं असताना मला थांब्यावर सोडायची. शेडसमोर तेव्हा नुकती गर्दी जमायला लागलेली असे. कोणी गाणं म्हणत असे, कोणी दिसेल त्या बाईला वहिनी म्हणत असे, कोणी मोटारसायकल गल्लीत आडवी लावून तिच्यावरच झोपलेला. बरेच दिवस आम्ही हे हसण्यावारी नेलं. मग एकाने शेजारच्या कॉलेजातल्या मुलीच्या ओढणीला हात घातला. पुढच्या महिन्यात दोघांचं भांडण सोडवायला गेलेल्या इस्त्रीवाल्या काकांच्या हातावर बाटली बसली आणि टाके पडले. तेव्हापासून वस्तीतल्या बायका आणि मुली कालव्याच्या बाजूने लांबून जायला लागल्या. मी मात्र गल्लीतूनच जायची. त्यात शौर्य काही नव्हतं. सातला नळ यायचा, एवढंच.

अशाच एका थंडीतल्या संध्याकाळी बसमधून उतरले तर शेडसमोर पोलिसांची गाडी. धाड पडली होती. गिऱ्हाईक पसार झालं होतं आणि शेडवाला तेवढा हात बांधून उभा होता. एक हवालदार कागदांची फाईल बगलेत धरून साक्षीला पंच शोधत होता. मघापर्यंत बघ्यांची गर्दी होती. पंच हा शब्द ऐकताच प्रत्येकाला घरची आठवण झाली. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला ठेला सोडून पळू शकत नव्हता, म्हणून तो आयताच पंच क्रमांक एक झाला.

हवालदाराची नजर माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली.

"मॅडम, सरकारी नोकरीत हाय न? थांबा बरं जरा. दहा मिनिटाचं काम हाय."

"काऊन? मीच काऊन?"

"बाकीचे पयून गेले न. तुमीच सांगा, कोनाले धरू?"

मला ओढणीची गोष्ट आठवली, इस्त्रीवाल्या काकांचा हात आठवला, आणि मी "हाव" म्हणून बसले.

दहा मिनिटांचे दीड तास झाले. मोहाच्या दारूने भरलेल्या निळ्या प्लास्टिकच्या तीन डबक्या, एक ॲल्युमिनियमचं घमेलं, पातळ प्लास्टिकच्या पन्नीत भरून बांधलेले छोटे छोटे घोट, काचेचे ग्लास. प्रत्येक डबकीतून बाटलीत थोडा नमुना काढला, बाटलीला लाखेचं सील लागलं, वर आमच्या सह्यांचं लेबल चिकटलं. आवक-जावकची सवय असल्याने मी प्रत्येक लेबलावर तारीख-वेळ वळणदार अक्षरात घातली. हवालदार खूश झाला. मग त्याने पंचनामा वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं: पंचांनी वास घेऊन सदर द्रव मोहाची दारू असल्याची खात्री केली.

"हे मी केलं नाई," मी म्हणाले.

"मंग आता करा," असं म्हणून त्याने डबकीचं झाकण उघडून माझ्यापुढे धरलं.

अडचण अशी होती की चार दिवसांपासून मला सणसणीत सर्दी होती. सकाळी फोडणी करपली ती मला धूर दिसल्यावर कळली होती. मी मन लावून दोनदा हुंगलं. काही नाही. डबकीत दारू होती की पाणी, माझ्या नाकाला पत्ताच नव्हता.

"मले वास नाई येऊन राह्यला. सर्दी हाय."

हवालदार माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, साऱ्या वर्ध्याले वास येऊन राह्यला."

"येत असन. मले नाई."

"अवो, करा न सही. हे असंच लिहितात, पह्यलेपासून."

मी पेन खाली ठेवला. खरं सांगायचं तर मला घरी जायचं होतं, नळ केव्हाच निघून गेला होता आणि पाय दुखत होते. पण जे मी केलंच नाही त्याच्याखाली सही करायला हात उठेना. शेवटी त्याने कपाळाला आठ्या घालत वाक्य खोडलं आणि ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: पंच क्र. १ यांनी वास घेऊन खात्री केली. पंच क्र. २ यांना सर्दी असल्याने वास आला नाही. खोडलेल्या जागी दोघांच्या छोट्या सह्या घेतल्या आणि खाली मी मोठी सही केली.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू कायले पडली मधात? आता कोर्टात चकरा मारत बस."

चकरा सुरू व्हायला बराच काळ गेला. समन्स आलं त्याच आठवड्यात शेडवाल्याची बायको घरी आली. मी तिला ओळखत नव्हते. तिने चहा घेतला नाही, खुर्चीच्या कडेवर बसली.

"ताई, कोर्टात काई आठवत नाई म्हना न. एवढंच म्हना."

"मी जे पाहिलं तेच सांगीन. एक शब्द जास्त नाई सांगणार."

"तेच तं नोको हाय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी तिच्याशेजारी बसले. ती गेल्यावर रात्री जेवण गेलं नाही. नवऱ्याने या वेळी काही टोमणा मारला नाही. भांडी त्यानेच घासली.

कोर्टात आधी पानठेलेवाल्याची साक्ष झाली. त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली असं तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मग मी. सरकारी वकिलांनी विचारलं तसं मी सांगत गेले: डबक्या, ग्लास, पन्नी, सील. लेबलांवरचं अक्षर माझं, हेही सांगितलं. मग आरोपीचे वकील उठले. तरुण होते, उत्साही होते आणि घाईत होते.

"तुम्ही कधी दारू प्यायलात?"

"नाही."

"घरी कोणी पितं?"

"नाही."

"मग वासावरून मोहाची दारू तुम्ही कशी ओळखली?"

"मी ओळखलीच नाही."

वकिलांचा चेहरा उजळला. ते न्यायाधीशांकडे वळले. "म्हणजे पंचनाम्यात खोटं लिहिलंय!"

"नाही साहेब. मला सर्दी होती, ते तिथे लिहिलंय. ओळींच्या मध्ये पाहा. अक्षर बारीक आहे."

वकिलांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मागच्या बाकावर कोणीतरी खुसकन हसलं. न्यायाधीशांनी आपल्यापुढची प्रत वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "पुढे विचारा," ते म्हणाले. पण वकिलांकडे पुढचं फारसं काही उरलं नव्हतं.

दारू असल्याचं प्रयोगशाळेच्या अहवालात होतंच. शेडवाल्याला शिक्षा झाली. फार मोठी नाही, पण झाली. सरकारी वकिलांनी नंतर सांगितलं की अशा खटल्यांत पंचच उलटतात आणि माणूस सुटतो. या वेळी न्यायाधीशांनी निकालात माझ्या साक्षीवर विश्वास ठेवला होता, कारण सर्दीचं खोटं कोणी मुद्दाम लिहिणार नाही.

शेड धाडीनंतरच बंद पडलं होतं. मध्यंतरी आम्ही सतरा बायकांनी सह्या करून गल्लीत दिवे मागितले. चारदा अर्ज करावा लागला. दिवे लागले तसा एक भेळवाला येऊन उभा राहिला, मग त्याच्या शेजारी डोसेवाला. आता उन्हाळ्यात जेवणं झाली की लोक तिथे खुर्च्या टाकतात. अभ्यासिकेतून येणाऱ्या मुली नऊ वाजताही गप्पा मारत त्याच गल्लीने येतात. ओढणीवाली मुलगी आता नागपूरला नोकरी करते. सुट्टीत आली की तीही येते. दारू वर्ध्यातून गेली असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीतून गेली.

परवा बसमध्ये शेडवाल्याची बायको भेटली. मला पाहून क्षणभर थांबली, मग येऊन शेजारीच बसली. ती एका वसतिगृहात पोळ्या लाटते. नवरा रंगकामाला जातो.

"पीत नाई का आता?" मी विचारलं.

"पितो न कधी कधी. पन इकत नाई. गिऱ्हाईक दारात येत नाई आता. संध्याकाळी दरवाजा उघडा ठेवता येते मले." मग तिने पिशवीतून एक कागद काढला. "ताई, लेकीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म हाय. भरून देता का?"

मी पेन काढला. गाडी हलत होती, अक्षर काही वळणदार आलं नाही. पवनार जाऊन वर्धा यायला लागलं तरी आमचा वडिलांच्या व्यवसायाचा रकाना राहिलाच होता. "रंगकाम लिहा," ती म्हणाली. मी रंगकाम लिहिलं.