कार्डापुरती जागा

“हा चपटा डबा नको! उद्या गेमसाठी ग्राफिक्स कार्ड कुठं घालू, माझ्या टाळक्यात?”

टोकियोत, अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या सेकंडहँड कॉम्प्युटरच्या दुकानात एक गृहस्थ शुद्ध मराठीत ओरडत होते. आवाज असा, की तिकडे निशी-कसाईच्या भारतीय वस्तीतल्या कुकरच्या शिट्ट्या गप्प झाल्या असतील. जपानी विक्रेता मात्र काही न कळून कमरेत वाकून हसत होता. मी दुभाषा झालो.

पन्नाशीचे, टाय लावलेले. प्रत्येक डेस्कटॉपचं झाकण उघडायला लावत, आत वीत घालून जागा मोजत, चष्मा कपाळावर चढवून पॉवर सप्लायचे वॉट वाचत. तासाभराने एक स्वस्त, उंच डबा पसंत पडला.

“मुलासाठी का?” मी विचारलं.

“छे, मला. मुलाकडे आहे. दोन वर्षं कडी लावून खेळतोय. शाळा नाही, बोलणं नाही. ताट दाराबाहेर ठेवतो आम्ही. आता शेजारच्या खोलीतून मीही दुसऱ्या नावाने त्याच गेममध्ये शिरणार. त्याने टीममध्ये घेतलं, की कार्ड घालू.”

मी डब्याचं झाकण बसवलं. “पण बाबा आहात, हे कधी सांगणार?”

“नाही सांगणार,” ते म्हणाले. “सांगितलं तर तो गेमही सोडेल.”