काळा डाग आणि म्हात्रेसाहेब

लेसरच्या प्रकाशाचा आलेख दाखवणाऱ्या स्कोपच्या स्क्रीनवर सरळ रेघ होती आणि कस्टमर सामंत घोडबंदरपर्यंत पोचले होते. वसई पूर्वेच्या आमच्या गाळ्यात लोखंडावर नंबर कोरणारे लेसर बनायचे. पल्स देणारा फायबर लेसर हा माझा हट्ट. मालक म्हात्रेसाहेब इथल्याच गास गावचे. त्यांनी बजावलं होतं, "मॅडम, आज ऑर्डर मिळाली तर हे काम चालू. नायतर बंद."

आदल्या संध्याकाळी पल्स छान दिसत होते. ती करामत कार्बन नॅनोट्यूबची, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची. लेसरमध्ये त्या तेव्हा नव्यानेच आल्या होत्या. प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये मिसळून त्या फायबरच्या, म्हणजे केसाएवढ्या काचतंतूच्या, टोकावर बसवायच्या. मंद प्रकाश त्या गिळतात, जोरदार प्रकाशाला जाऊ देतात. मग प्रकाश सलग वाहायचं सोडून छोट्या झटक्यांत धावतो. हे झटके म्हणजेच पल्स. नळ्यांचा हा स्वभाव मला फार आवडतो.

आता एकही झटका नव्हता. सगळे जोड तपासले, ठीक होते. पॉवर मीटर पाहिला, तर आकडा कालच्यापेक्षा वर. मी चक्रावले. बिघडलेलं मशीन जास्त पॉवर कशाला देईल? वाटेत प्रकाश गिळणारंच कोणी उरलं नसेल तर देईल.

फिल्म बसवलेला जोड, तो कनेक्टर, उघडून मायक्रोस्कोपखाली धरला. टोक लख्ख होतं, फिल्म गायब.

"साहेब, हा कोणी उघडला होता?"

"मीच. अगरबत्ती लावली की सगळे कनेक्टर पुसतो ना रोज. याच्यावर काळा डाग होता. चांगला घासून काढला."

हसावं की रडावं, कळेना. फायबरच्या धंद्यात टोकावर कण राहिला तर टोक जळतं. पुसणं हा इथला पहिला धडा.

"साहेब, तो डाग म्हणजेच आपला लेसर."

त्यांचा चेहरा उतरला.

फिल्मचा एकच तुकडा शिल्लक होता. तो चिमट्याने बसवला. पंप, म्हणजे लेसरला ऊर्जा पुरवणारा प्रकाश, हळूहळू वाढवला. रेघ थरथरली आणि पल्स उभे राहिले. मला अगदी लहान मुलासारखा आनंद झाला.

सामंत आले. पल्स त्यांना पसंत पडले. पण माणूस फायबरमध्ये मुरलेला. लेसर बंद करायला लावून त्यांनी टोक मायक्रोस्कोपखाली घेतलं.

"अहो, इथे घाण आहे," म्हणत त्यांनी टिश्यू उचलला.

साहेबांनी त्यांचं मनगटच धरलं. "कोनी हात लावायचा नाय त्याला."

ऑर्डर मिळाली. बिघाड शोधताना घाण कुठे आहे ते सगळेच बघतात. नको तितकं स्वच्छ काय झालंय, तेही बघावं. साहेब अजून रोज पुसतात. त्या कनेक्टरच्या पेटीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे असते.