मामा, हाकोदाते आणि तीन चर्च

देवाच्या घरात शिरल्यावर देवाच्या आधी छताचं दर्शन घेणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामांनी नागपूरला सरकारी बांधकाम खात्यात सगळी नोकरी काढली, आणि तीही जुन्या इमारतींच्या डागडुजीत. कचेऱ्या, विश्रामगृहं, इंग्रजांच्या वेळची इस्पितळं यांची गळती थांबवण्यात त्यांचं तारुण्य गेलं. आपण समोरच्याचा चेहरा बघून त्याची तब्येत ओळखतो, मामा छत बघून ओळखतात. आमच्या लग्नात वधूचे मामा म्हणून ते हिच्या पाठीशी उभे होते खरे, पण मंगलाष्टकं चालू असताना त्यांची मान वर होती. अक्षता पडल्या, हार घातले गेले, मी वाकून नमस्कार केला, तेव्हा आशीर्वाद म्हणून ते मला म्हणाले, "जावईबापू, या कार्यालयवाल्याला सांगून ठेवा. त्या कोपऱ्यातून पाणी झिरपून राहिलं." पुढच्या पावसाळ्यात त्याच कोपऱ्याचं प्लास्टर एका मुंजीच्या पंगतीत पडलं असं ऐकलं. मुंजा बचावला, जिलब्या गेल्या.

मामी गेल्यावर त्यांची एकुलती एक मुलगी, मीनल, त्यांना ॲरिझोनात, चँडलरला आपल्याकडे घेऊन आली. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे ती राहते. आता चँडलरला पाऊस हा अगदी लांबचा नातेवाईक. उन्हाळ्यात चारदा येतो, येताना धुळीचं वादळ घेऊन येतो आणि चहासुद्धा न घेता निघून जातो. अशा गावात गळतीच्या जाणकाराने दिवस काढायचा कसा? घरांची छतं बघून तर मामांचं मनच उडालं. "हे छत नाही हो, हे डब्याचं झाकण आहे," असं ते आमच्या बैठकीत बसून, आमच्या तोंडावर म्हणाले. उंच छताच्या शोधात हिंडता हिंडता त्यांना चर्च सापडली, आणि तिथून त्यांचं अमेरिकेतलं आयुष्य खऱ्या अर्थाने सुरू झालं.

मामा ख्रिस्ती नाहीत. तसे ते फारसे हिंदूही नाहीत. गणपतीत आरतीला उभे राहतात, पण मखराच्या टेकूकडे बघत. तरीही आसपासचं एकही चर्च त्यांनी सोडलं नाही. सकाळी पायी निघायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, मान वर करायची आणि तुळया बघायच्या. एका चर्चच्या पाद्रीबुवांना त्यांनी जाऊन सांगितलं, "सर, वॉटर विल कम." बाहेर लख्ख ऊन होतं. पाद्रीबुवा हसले, म्हणाले, देवाची इच्छा असेल तर येईल. ऑगस्टमध्ये वादळ आलं आणि वॉटर आलं, ते थेट पियानोवर. तेव्हापासून त्या चर्चमध्ये मामांना साधुपुरुषाचा मान आहे. दर महिन्याला त्यांना शिडीवर चढवतात, खाली चौघं शिडी धरून उभे राहतात आणि मीनलला यातलं काहीही सांगायचं नाही असं आमचं ठरलेलं आहे.

पण मामांची खरी पंचाईत झाली ती चपलांनी. देवाचं घर म्हटलं की पादत्राणं बाहेर, हा त्यांचा नियम. दारात "इथे बूट काढू नयेत" अशी पाटी कुणी लावत नाही, म्हणजे काढायचे. जूनच्या उन्हात तिथलं काँक्रीट तव्यासारखं तापतं, म्हणून दुहेरी मोजे घालून, पायरीपाशी बूट काढून, दारापर्यंतची शेवटची पावलं उड्या मारत ते आत जात. एका चर्चमध्ये ते छताच्या समाधीत असताना बाहेरच्या सेवेकऱ्यांना दारात एक बुटांचा जोड दिसला. गरिबांसाठी कपडे, बूट गोळा करण्याचं काम चालू होतं. त्यांनी तो भक्तिभावाने पेटीत टाकला आणि पेटी गेलीसुद्धा. मामा बाहेर आले तर बूट नाहीत. मंडळी हळहळली, आणि दानाच्या दुसऱ्या ढिगातून त्यांच्या मापाचं जे निघालं ते त्यांना घालून पाठवलं. मीनलने दार उघडलं तर समोर तिचे वडील, अंगात सुती सदरा आणि पायांत गुरं राखणाऱ्या काउबॉयचे टोकदार, टाचेचे, नक्षीचे लांब बूट.

"बाबा, हे कोणाचे शूज आहेत?"

"देवाच्या घरचे आहेत," मामा म्हणाले.

आम्ही हे ऐकून पोट धरून हसलो. मीनल हसली नाही. कारण त्याच महिन्यात मामा दोनदा चुकीच्या घरी गेले होते. त्या वसाहतीतली घरं एकाच रंगाची, एकाच आकाराची; मी स्वतः एकदा परक्याच्या गॅरेजसमोर गाडी लावून रिमोट दाबत बसलो आहे. पण मी चुकलो की ते वेंधळेपण, मामा चुकले की तो आजार. मीनलने इंटरनेटवर वाचायला घेतलं आणि वाचलेलं सगळं तिला खरं वाटू लागलं. स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. वडिलांच्या मनगटावर ते कुठे आहेत हे दाखवणारं घड्याळ बांधलं. लांबून दिसावेत म्हणून भगभगीत नारिंगी रंगाचे नवे बूट आणले आणि त्यांच्या आतल्या बाजूला आपला फोन नंबर लिहिला, बालवाडीतल्या पोरांच्या बुटांत लिहितात तसा. मामांनी ते पायांत चढवले. एरवी खिळा वाकडा ठोकला तरी तासभर बोलणारा माणूस निमूटपणे नाड्या बांधत होता, हे मला फार लागलं.

अशात मला कामासाठी जपानला, होक्काइदो बेटावर जावं लागलं. नेमकं त्याच आठवड्यात मीनलच्या कंपनीने तिला मिनेसोटाला, ईडन प्रेरीला बोलावलं होतं, आणि माझी बायको भारतात गेली होती. मामांना एकटं ठेवायचं नाही म्हणून मी त्यांना सोबत न्यायचं ठरलं. विमानतळावर मीनल मला बाजूला घेऊन म्हणाली, "जिजू, प्लीज, बाबांना एक मिनिटपण एकटं सोडू नका हं. तिकडे जर ते हरवले ना, तर मी त्यांचं एकट्याने बाहेर जाणं टोटली बंद करणार आहे. मी काय हौसेने करतेय का? मला हे टेन्शन आता झेपत नाहीये यार." तिचे डोळे भरले होते. चार पावलांवर उभे राहून मामा विमानतळाचं छत बघत होते, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं.

माझ्या कामाचे दोन दिवस त्यांनी हॉटेलच्या खोलीत काढले. दर तासाला फोन करून "आहे मी" एवढं सांगत. मला इतकी लाज वाटली की काम संपताच मी सुट्टी घेतली आणि त्यांना आगगाडीने हाकोदातेला नेलं. हाकोदाते हे जुनं बंदर. खाली समुद्र, माशांचा बाजार, ट्राम. आणि बंदरापासून डोंगराकडे सरळ चढत जाणारे रुंद रस्ते. परदेशी जहाजं यायला लागली तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचे देवही आले आणि वर टेकडीवर शेजारी शेजारी राहिले. एक रशियन धाटणीचं, पांढऱ्या भिंतींचं आणि हिरव्या छपराचं. एकाच्या मनोऱ्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा. आणि एकाचं तपकिरी छप्पर असं की आकाशातून बघावं तर क्रूस दिसावा. जवळच मोठं बौद्ध मंदिर, आणि ते चक्क काँक्रीटचं. आगीत जळलेली, पुन्हा बांधलेली ही सगळी छपरं एका दमात समोर आल्यावर मामा चढावर मध्येच थांबले. मला वाटलं धाप लागली. ते म्हणाले, "बाप्पा, काहून नाही आणलं मला आधी?"

पहिल्या दिवशी रशियन चर्चमध्येच संध्याकाळ झाली. दारातून आत पाऊल टाकलं आणि मामांनी माझा दंड घट्ट धरला. समोर बूट ठेवायची फळी होती. आणि तिच्यावर आलेल्या लोकांचे बूट, ओळीने, टाचा जुळवून मांडलेले. चर्चमध्ये! मामांनी आपले नारिंगी जोडे काढून त्या ओळीत ठेवले, दोन पावलं मागे सरकून ते बघितले आणि माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, "मी चुकीचा नव्हतो ना?" मी म्हटलं, "नाही मामा." आत मग त्यांनी किती वेळ घुमटाकडे बघितलं याचा हिशेब नाही. गळती एकही सापडली नाही. एवढे समाधानी मी त्यांना भरल्या ताटावरही बघितलेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर खोलीत मामा नव्हते. उशीवर घड्याळ होतं. शेजारी फोन होता.

मामांना जपानीचं अक्षर येत नाही, इंग्रजी नागपुरी, खिशात फोन नाही. ओल्या केसांनी मी ट्राम पकडली, चढ पळत चढलो. कोंबड्याच्या चर्चमध्ये बघितलं, नाहीत. मीनलला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत रशियन चर्चच्या दारात पोचलो आणि फळीवर ते भगभगीत नारिंगी बूट दिसले. आपल्याकडे दारातल्या चपला बघून घरात कोण आलंय ते कळतं. मी तिथे गुडघ्यांवर हात टेकून आधी नुसता श्वास घेतला.

मामा मोज्यांवर बाहेर आले आणि मला बघून चक्क चिडले. "तुम्ही काहून आले?"

"मामा, मीनल माझा जीव घेईल!"

"म्हणूनच निघालो ना," ते म्हणाले. मग कठड्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधत, माझ्याकडे न बघता बोलले. "मीनलला वाटते माझं डोकं कामातून चाललं. आणि खरं सांगू का जावईबापू, आता मलेही वाटून राहिलं. ते दुसऱ्याच्या घरी गेलो ना, ते घर सारखं होतं म्हणून गेलो का विसरलो म्हणून, हे मलाच सांगता येत नाही. डॉक्टर काय सांगायचं ते सांगेल. मला स्वतःला पाहायचं होतं. अनोळखी गाव, घड्याळ नाही, फोन नाही. तिन्ही चर्च पाहायचे अन् आपल्या पायानं हॉटेलात यायचं. आलो तर आलो." नाडीची गाठ दोनदा सुटली. "तुम्ही पहिल्यावरच येऊन धडकले. आता जा बरं. अन् मागं मागं येऊ नका."

आयुष्यात मी बऱ्याच परीक्षा दिल्या, पण दुसऱ्याच्या परीक्षेला बाहेर बसण्याइतकं वाईट काही नाही. हॉटेलच्या लॉबीत काचेच्या दारासमोर मी बसलो. कॉफी आणली, ती गार झाली. रस्त्यावरून शाळेची पोरं गेली, माशांच्या पेट्यांची गाडी गेली. आपण या माणसाला एकटं सोडलं, हे शहाणपण की गाढवपण, ते मला ठरवता येईना. आणि तेवढ्यात पलीकडून मामा आले. मी ताडकन उठलो. मामा दारासमोर आले, दाराकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही आणि सरळ पुढे निघून गेले.

मी हात दाराच्या मुठीवर ठेवला होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण हाक मारली की परीक्षा तिथेच संपली, आणि मीनलची भीती खरी ठरली. नारिंगी बूट कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले. मी तसाच उभा राहिलो. काउंटरवरची मुलगी मला काहीतरी विचारत होती, मला तिच्याकडे मान वळवता येईना.

मग त्याच कोपऱ्यावरून मामा परत आले. शांतपणे दार ढकललं, पायपुसण्यावर बूट पुसले आणि म्हणाले, "शेजारच्या बिल्डिंगची पन्हाळ फुटली आहे, येताना दुरूनच दिसली होती. म्हटलं, पाहून येतो." माझा चेहरा बघून ते थबकले. "काहून? तुम्हाला काय वाटलं?"

मी हसायला लागलो आणि ते हसणं मला आवरेना. मामाही हसले, मग सोफ्यावर टेकले. "मला वाटलं होतं," ते हळूच म्हणाले, "नाही येता येणार."

पुढे परतल्यावर डॉक्टरांनी तपासून वयाच्या मानाने ठीक आहे असं सांगितलं. मीनलने त्यांचं एकट्याने चर्चला जाणं बंद केलं नाही. पण माझ्यापुरता निकाल त्या लॉबीतच लागला होता. त्या दिवशी तिथेच पाणी पिऊन मामा बसल्या जागी झोपले. एवढ्यात मीनलचा फोन आला, तिकडे मिनेसोटात तिची रात्रीची जेवायची वेळ झाली होती.

"जिजू, बाबा कुठेयत? घड्याळ काढलंय का त्यांनी? हलतच नाहीये ते, तुमच्याकडे सकाळ झाली तेव्हापासून."

"माझ्याजवळ आहेत. झोपलेत."

"खरंच?"

मी फोन मामांच्या तोंडाशी धरला. मामा घोरत होते, त्यांच्या त्या जुन्या, मध्येच अडखळणाऱ्या लयीत. पलीकडून मीनलने फोन ठेवला नाही. असं ऐकायला किती वर्षं मिळणार हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही, म्हणून मीही फोन तसाच धरून बसलो. हात दुखायला लागला तेव्हा बदलला.