कुंकवाचा डाग

इथे परदेशात, शॉमबर्ग गावाजवळच्या एका जुन्या चर्चचा हॉल आमचं मराठी मंडळ गणपतीसाठी भाड्याने घेतं. चर्चची दुरुस्ती निघाली, तेव्हा हॉलची लाकडी जमीन घासायला एक उंच, पाठीत वाकलेला म्हातारा आला. आधी तळहाताने लाकूड चाचपायचा, मगच मशीन लावायचा.

आदल्या गणपतीत आरतीचं तबक कलंडून पडलेला कुंकवाचा डाग तिथे तसाच होता. हॉल हातचा जाईल या धास्तीने मी आणि मंडळातल्या काकू फडकी घेऊन पोचलो. बघतो तर सगळी जमीन घासून झालेली, डाग मात्र शाबूत.

"हे काय आहे?" त्याने विचारलं. काकूंनी स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवलं.

त्याने मान डोलावली. शेजारच्या जळक्या ठिपक्यावर हात ठेवून म्हणाला, "इथे कुणाची तरी मेणबत्ती पडली होती. तिचा डागही मी ठेवलाय. माणसं येऊन गेल्याचं दिसायला नको?"

मग त्याने दोन्हींवरून सावकाश व्हार्निशचा ब्रश फिरवला.

यंदाच्या गणपतीतही जमीन खराब होऊ नये म्हणून काकूंनी हॉलभर प्लॅस्टिक अंथरलं. तेवढी जागा उघडी ठेवली, आणि दिवसभर तिथे कुणाचा पाय पडू दिला नाही. मेणबत्तीच्या ठिपक्यावरसुद्धा.