भोंगेमामा आवाज कमी करतात

भोंगेमामांनी तीस वर्षं मोर्चांना आवाज पुरवला. कारखान्याचं गेट असो की कचेरीच्या पायऱ्या, चार माणसं जमली की हातगाडीवर त्यांचे भोंगे हजर. भाषण कितीही पोचट असो, शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या कानात ते घुसलंच पाहिजे, हा त्यांचा धर्म. स्वभावही भोंग्याचाच. कळ दाबायचा अवकाश!

चौपन्नाव्या वर्षी हा माणूस स्टुडिओत रेकॉर्डिंग शिकायला गेला, तो बायकोच्या गाण्यांपायी. ती इस्पितळात सफाईला. संपाच्या दिवसांत तिने आणि चार मैत्रिणींनी पाच गाणी बांधली होती. एका हौशी गृहस्थाने ती रेकॉर्ड करून दिली, पण अशी घासूनपुसून, की बायांना आपलेच गळे ओळखू येईनात. तेव्हा गटातल्या थोरलीने फर्मान काढलं, "आता आपला भोंगे करेल तर करेल. नाहीतर गाणी गेली खड्ड्यात."

स्टुडिओची रेकॉर्डिस्टबाई मामांच्या लेकीच्या वयाची. पहिल्याच दिवशी मामांनी सवयीने माइकवर फुंकर मारायला तोंड नेलं, तर तिने मधे हात घातला.

"मामा, याच्या आत कागदाहून पातळ पट्टी आहे. तुमच्या एका फुंकरीत फाटेल."

मामांनी राग गिळला. असे बरेच राग त्यांनी तीन महिन्यांत गिळले, आणि शिकले. वायर कोपराला करकचून गुंडाळायची नाही, सैल वेटोळी करायची. माइक तोंडासमोर नको, जरा तिरका हवा. गाणाऱ्याच्या खुर्चीची कुरकुरसुद्धा हेडफोनमध्ये गाडीच्या ब्रेकसारखी वाजते. अडलं ते एकाच जागी, लेव्हलपाशी. मीटरवर आवाज हिरव्यातून पिवळ्यात जातो तोवर ठीक. लालमध्ये गेला की फाटतो, आणि फाटलेला पुन्हा शिवता येत नाही. मामांना हे पाठ होतं. हाताला नव्हतं. हात आपला आवाजाची कळ वरच चढवायचा.

शेवटी बाईने सांगितलं, "शनिवारी एक गाणं तुम्ही एकट्याने घ्या. जमलं तर पाचही तुमची. नाही जमलं, तर मी बसेन."

शनिवारी दुपारी पाचजणी काचेपलीकडे माइकभोवती उभ्या राहिल्या. रेकॉर्डिस्टबाई मुद्दाम बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. मामा म्हणाले, "दोन ओळी म्हणा, लेव्हल लावतो." पाचहीजणी अशा गायल्या, जणू साहेब तपासणीला आलाय. मीटर जेमतेम हललं. मामांनी कळ चढवली आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

दुसऱ्या कडव्यापर्यंत बाया खोली विसरल्या. गळे असे मोकळे सुटले, की मामा कळ खाली घ्यायचंच विसरले. आणि मीटर लाल! शेवटच्या ओळीपर्यंत लाल. हेडफोनमध्ये आवाज पत्र्यासारखा तडतडला.

बायांना काही कळलं नव्हतं. 'एक नंबर' म्हणून वेळ मारून नेता आली असती. मामांनी हेडफोन काढला.

"फाटलं. परत गावं लागेल."

"म्हणजे?" बायको उसळली. "एवढा घसा फोडला तो फुकट?"

"मग लेव्हल लावताना लाजलात कशाला? गेटावर लाजता का?"

"आम्ही लाजतो? तीन महिने घरात भाजी परतायची चोरी! झाऱ्या वाजला की 'शूऽऽ'! स्वतः झोपेत घोरता करवतीसारखे, आणि आम्ही लाजतो म्हणे!"

मामांच्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण नजर मीटरवर गेली. लाल. त्यांनी कळ खाली घेतली.

"थांबू नकोस गं, बोल. माझ्या आईपर्यंत जा."

"त्यांच्यापर्यंत कशाला? तुमचंच संपत नाही!"

कळ आणखी खाली. पिवळं.

थोरलीच्या ध्यानात आलं. "अगं ए, तुला भांडायला लावून माप घेतोय तो!"

पाचही जणी फुटल्या. हसणं भांडणाहून चढं निघालं. मामांनी कळ अजून थोडी उतरवली, थोरलीला दोन पावलं मागे सरकवलं आणि म्हणाले, "चूक माझीच होती. हं, म्हणा आता."

या वेळी मीटर पिवळ्याच्या काठापर्यंत गेलं, पण काठ ओलांडला नाही.

रेकॉर्डिस्टबाईने आत येऊन गाणं पहिल्यापासून ऐकलं. बायकोने तिच्या खांद्यावरून डोकावून विचारलं, "जरा बारीक नाही वाटत?"

"बारीक नाही," मामा म्हणाले. "आवाजाला चढायला जागा ठेवलीय. मोठं हवं तर ऐकणारा करेल."

बाईने पर्स उचलली. "मी जेवून येते. मामा, उरलेली चार तुम्ही उरका."

दार लागलं. काचेपलीकडून थोरली ओरडली, "काय रे, थेट गायचं, की आधी भांडायचं?"

"भांडा," मामा हेडफोन चढवत म्हणाले. "पुढचं गाणं त्याहून चढं आहे, तेवढी जागा ठेवतो."