पट्टायाला नेलेला केक

केकच्या क्रीमचा वास मला आता सहन होत नाही. शेजारी कुणाचा वाढदिवस असला तरी मी दार लावून घेते. बाई शिष्ट आहे असं लोकांना वाटतं. वाटू दे.

लेक आठ वर्षांची होणार होती आणि तिचा वाढदिवस नेमका आमच्या थायलंडच्या सहलीत येत होता. आमच्यापैकी कुणीही त्याआधी विमान आतून पाहिलेलं नव्हतं. माझे मोठे दीर, त्यांना मी दादा म्हणते, यांचा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवायचा कारखाना आहे. सहल त्यांनी ठरवली, बुकिंग त्यांनी केलं, त्यामुळे दादा म्हणतील त्याला मान डोलवायची हे आमच्या घरात न बोलताच ठरलेलं होतं. दादा, जाऊबाई, सासूबाई, माझा नवरा, मी आणि लेक असे सहा जण निघणार होतो.

लेकीने वाढदिवसाला काहीच मागितलं नाही. फक्त एकदा, मी बॅग भरत असताना, जवळ येऊन म्हणाली, "आई, कोणी माझ्या तोंडाला केक नाही लावायचा. प्रॉमिस?"

आदल्या वर्षी अंबरनाथला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दादांनी तिचं डोकं मागून धरून केकमध्ये दाबलं होतं. क्रीम नाकात गेलं. पोर श्वासासाठी धडपडली आणि मग सगळ्यांसमोर ओकली. तेव्हाही लोक फिदीफिदी हसत होते. हे खूळ कुणी काढलं कोण जाणे. आमच्या लहानपणी आई पाटावर बसवून ओवाळायची, हातावर शिरा ठेवायची आणि वाढदिवस झाला. आता खायची वस्तू केसांत, कानांत, भिंतीवर, शेजारणीच्या ड्रेसवर. नंतर तोच चिकचिकाट पायाने घरभर. मला या सगळ्याची किळस येते, पण तोवर ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

लेकीला मात्र म्हटलं, "प्रॉमिस. मी आहे ना."

सासूबाई माळकरी, त्यांना अंडं चालत नाही. "तिकडं कशातही अंडं घालतात. आपण आपला केक घेऊन जायचा," असं दादांनी जाहीर केलं. कॅम्प तीनमधल्या त्यांच्या ओळखीच्या बेकरीतून बिनअंड्याचा फोटो केक आला. वर लेकीचा शाळेचा फोटो, दोन वेण्या आणि टाय. बेकरीपासून अंबरनाथपर्यंत शेअर रिक्षात तो खोका मी मांडीवर घेऊन बसले. वाटेत खड्डा आला की आधी खोका सांभाळायचा, मग स्वतःला.

विमानतळावर दादांच्या हँडबॅगेतून फेस उडवायचे चार डबे निघाले. तपासणाऱ्या बाईने ते काढून बाजूला ठेवले. "साला, मजाच काढून घेतली," दादा विमानात बसेपर्यंत म्हणत होते. मी त्या बाईला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. केकचा खोका मात्र मशीनमधून सुखरूप बाहेर आला.

पट्टायाच्या हॉटेलात केक दादांच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवला. बाहेर जाताना दारापाशी खोचलेलं कार्ड काढून न्यायचं, आणि कार्ड काढलं की खोलीची वीज जाते, हे आम्हाला माहीत होतं. दिवे गेलेले दिसायचे. फ्रिजही जातो हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोन दिवस आम्ही सकाळी निघून संध्याकाळी परतत होतो. केक तिथे बंद फ्रिजमध्ये उकडत होता.

वाढदिवसाच्या सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये दादांनी खोका उघडला. आधी वास आला. नासलेल्या दुधाचा, आणि त्यात मिसळलेल्या अननसाच्या एसेन्सचा. फोटोतल्या डोळ्यांचा काळा रंग गालांवर ओघळला होता, ओठ हनुवटीपर्यंत पसरले होते. लेकीने वाकून बघितलं आणि म्हणाली, "ही मी नाहीये."

सासूबाईंनी पदर नाकाला लावला. मी म्हटलं, "दादा, हा टाकून देऊ या."

"खायला कोण सांगतंय? लावायला तर चालेल ना," दादा म्हणाले. डबे गेले होते, त्याची भरपाई त्यांना करायचीच होती.

तिथे वाढणाऱ्या एका बाईच्या लक्षात आलं की वाढदिवस आहे. तिने एका बशीत आंब्याच्या फोडी मांडून मधोमध मेणबत्ती लावून आणली. लेकीने ती फुंकली आणि खरोखर खूश झाली. तिच्या दृष्टीने तिथेच वाढदिवस झाला होता.

पण जाऊबाईंनी मोबाइल सरसावला. दादांनी मूठभर क्रीम उचललं. लेक माझ्या मागे लपली आणि तिने माझा कुर्ता घट्ट धरला. मी हात आडवा घातला. "नको दादा. तिला नाही आवडत."

लग्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा नको म्हटलं होतं. त्यांचा चेहरा पडला. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक बघायला लागले. नवरा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "कशाला सगळ्यांचा मूड घालवतेस?"

"ठीक है, मी नाही लावत," दादा म्हणाले. "तू आई आहेस ना, तू लाव. एक बोट. विषय खतम."

"पटकन, व्हिडिओ चालू आहे," जाऊबाई म्हणाल्या.

दादांच्या मुठीपेक्षा माझं एक बोट बरं, असं मी मनाशी म्हटलं. खोटं होतं ते. मला दादांचा पडलेला चेहरा बघवत नव्हता, एवढंच. मी त्या घाणीत बोट बुडवलं आणि मागे वळले. लेकीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिने डोळे मिटले नाहीत, कारण हात माझा होता. मी तिच्या गालाला बोट लावलं.

त्यासरशी सगळ्यांना मोकळं रान मिळालं. दादांचा पंजा मागून आला आणि डोळे, नाक, तोंड सगळं बरबटून गेला. नवऱ्यानेही कानाला लावलं. टाळ्या झाल्या, हॅपी बर्थडे झालं. लेक रडली नाही, ओरडली नाही. हात खाली सोडून, तोंड मिटून उभी राहिली.

ती वाढणारी बाई ओला टॉवेल घेऊन आली. लेकीसमोर गुडघ्यांवर बसली, टॉवेल धरलेला हात पुढे केला आणि थांबली. लेकीने हो म्हणून मान हलवल्यावरच तिने पुसायला सुरुवात केली, आधी डोळे. मग तिने फरशीही पुसली. आम्ही पाच मोठी माणसं तिथे होतो आणि कुणीही खाली वाकलं नाही. मी बोट उचलून तशीच उभी होते. नंतर बेसिनवर ते चार वेळा धुतलं, तरी वास येत राहिला. केकची किळस गेली असती. माझी स्वतःची आली, ती अजून आहे.

त्या रात्री लेकीला सॉरी म्हटलं. "ठीक आहे," ती म्हणाली, पाहुण्यांशी बोलतात तसं. व्हिडिओ जाऊबाईंच्या स्टेटसवर लागला होता. दादांच्या मते फॉरेनचा बर्थडे एक नंबर झाला.

परवा ती शाळेतून आली तेव्हा तिच्या गालावर स्केचपेनचा डाग होता. मी रुमाल ओला केला आणि हात पुढे नेला. तिने डोळे गच्च मिटले, ओठ आत ओढले आणि दोन बोटांनी नाक दाबून धरलं. मी हात तिथेच थांबवला. बऱ्याच वेळाने तिने एक डोळा किलकिला करून माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते. तिने मान हलवली नाही.